बापाचा धर्म आणि मुलाची श्रद्धा

ख्रिस्ती घरातला बाप आपल्या मुलांच्या श्रद्धेला वळण कसे लावतो, हा विषय आम्ही शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांपुढे मांडावयाचे ठरविले, तेव्हा पहिला प्रश्न आम्हीच आम्हाला विचारला. हा विषय इथे कशासाठी? माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत पसरलेल्या या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरे विरळा. इथे संध्याकाळी कानावर येतो तो हरिपाठ, आणि पौषात माणसे लोटतात ती म्हसा येथील यात्रेला. मग मोजक्या घरांच्या प्रश्नासाठी व्याख्यानमालेची एक संध्याकाळ का खर्चावी?

याला आमची दोन उत्तरे आहेत. जिथे घरे मोजकी, तिथेच हा प्रश्न सर्वांत अवघड, हे पहिले. वसईसारख्या ठिकाणी मुलाला धर्म शिकविण्याचे निम्मे काम चर्चची घंटा करते, शेजार करतो, सण करतो. एकट्या पडलेल्या घरात हे सारे बापाला आणि आईलाच करावे लागते. दुसरे उत्तर याहून व्यापक आहे. आपली श्रद्धा मुलापर्यंत कशी पोहोचवावी, हे कोडे केवळ ख्रिस्ती बापाचे नव्हे. गळ्यात माळ घातलेला वारकरी बाप आणि रोजे पाळणारा मुसलमान बाप, दोघेही रात्री अंथरुणावर पडल्यावर याच विचारात असतात. एका घराचे उदाहरण नीट पाहिले, तर त्यात दुसऱ्या घरालाही आपले तोंड दिसते.

आता मूळ विषयाकडे वळू. ख्रिस्ती धर्मशास्त्र बापाकडून काय मागते? जुन्या करारात अनुवाद नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना अशी आज्ञा आहे की, देवाची वचने आपल्या मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत जा. यात वेळ आणि स्थळ कोणते सांगितले आहे, ते पाहण्यासारखे आहे. मंदिर नाही, पाठशाळा नाही. घर, वाट, अंथरूण आणि सकाळ. म्हणजे रोजचा दिवस हाच वर्ग.

त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. पुढे तुझा मुलगा तुला विचारील की, या आज्ञांचा अर्थ काय. तेव्हा तू त्याला सांग की, आपण मिसर देशात गुलाम होतो आणि देवाने आपल्याला सोडविले. इथे शिक्षण सुरू होते ते मुलाच्या प्रश्नापासून. आणि बापाने द्यावयाचे उत्तर हे नियमांची यादी नसून घराण्याची हकिगत आहे. आपले काय झाले, आपण कोठून आलो, कोणी आपल्याला हात दिला, हे बापाने सांगावयाचे आहे. ज्या बापाला सांगण्याजोगी हकिगतच नाही, त्याच्याजवळ फक्त हुकूम उरतो.

नव्या करारात पौलाने बापांना आणखी एक इशारा दिला आहे. इफिसकरांस पत्रात तो म्हणतो की मुलांना चिडवू नका. कलस्सैकरांस पत्रात त्याचे कारणही देतो, ते असे की मुले खचू नयेत. मुलांना आज्ञाधारकपणा शिकविणाऱ्या त्याच वाक्यांच्या शेजारी हा बापांना दिलेला धडा आहे. धर्म शिकवा, पण मुलाचे मन मोडून शिकवू नका, असा दोन्ही बाजूंचा तोल त्यात आहे.

हा तोल का महत्त्वाचा, हे ख्रिस्ती प्रार्थनेच्या पहिल्याच शब्दावरून ध्यानात येते. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना देवाला बाप म्हणून हाक मारते. मूल हा शब्द देवघरात शिकत नाही. तो त्याला आधीच ठाऊक असतो. बाप म्हणजे कोण, हे त्याने स्वयंपाकघरात, अंगणात, परीक्षेचा निकाल लागलेल्या दिवशी पाहिलेले असते. ज्याच्या पावलांचा आवाज ऐकून मूल कोपऱ्यात सरकते, त्या बापाच्या घरी ही प्रार्थना मुलाच्या ओठांवर अडते. आणि जो चूक झाल्यावर जवळ बसवून घेतो, त्याच्या घरी तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

पण बापावाचून श्रद्धा पोहोचतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याचा बाप ग्रीक होता, आई यहुदी. त्याच्या श्रद्धेचे मूळ पौल शोधतो ते त्याच्या आजीत, लोईस हिच्यात, आणि आईत, युनीके हिच्यात. पुष्कळ घरांत धर्म खरोखर आई आणि आजी यांच्याच पदरातून आलेला असतो. म्हणूनच बापाचा प्रश्न निराळा उभा राहतो. आईची प्रार्थना चालू असताना बाप काय करीत होता, हे मूल पाहत असते. तो शेजारी गुडघे टेकून बसला, की ओसरीवर वर्तमानपत्र चाळीत राहिला? दुसऱ्या प्रकारात मूल न सांगता एक धडा शिकते, तो असा की, प्रार्थना हे बायकामुलांचे काम. मोठे झाले की ते सुटते.

आता आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत वसई आपल्याच जिल्ह्यात होती. 1534 साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. त्या विजयाचा अभिमान आपण शाळेत शिकलो. पण त्याच घटनेकडे वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या ओटीवरून पाहिले, तर दुसरी बाजू दिसते. ज्या राजसत्तेच्या आधाराने त्याचा धर्म उभा होता, ती एकाएकी गेली. आधार गेला की धर्मही जाईल, असा अंदाज कोणीही केला असता. तसे झाले नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतली ख्रिस्ती घरे तिथेच राहिली, आपली बोली बोलत राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती राहिली. सत्तेने दिलेले सत्तेबरोबर जाते; घरात रुजलेले मात्र राहते.

घरात रुजले ते कशाने? त्याचा एक मोठा भाग म्हणजे संध्याकाळची माळेची प्रार्थना. वसईत आणि गोव्यात हिला तेर्स म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे. माळेचे पाच भाग. प्रत्येक भागात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा मरियेला नमन. आणि प्रत्येक भागाबरोबर येशूच्या चरित्रातल्या एका प्रसंगाचे चिंतन. जन्माचे प्रसंग, दुःखाचे प्रसंग, गौरवाचे प्रसंग असे त्यांचे गट आहेत. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाचे प्रसंग म्हणून चौथा गट जोडला. निरक्षर शेतकऱ्यालाही या माळेने अख्खे ख्रिस्तचरित्र दर आठवड्याला फिरवून आणले. घरातले सर्वजण एकत्र बसतात, एक जण पुढे म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. आपल्या हरिपाठाची बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. लहान मुलाला डुलकी लागते, मोठा त्याला कोपराने हलवितो, आजी डोळे वटारते. पण वर्षानुवर्षे कानावर पडलेले ते शब्द पुढे कधीतरी संकटात आपणहून ओठांवर येतात. प्रार्थना संपली की मुले वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात. गोव्यात याला बेसांव म्हणतात. दिवसभर ज्याने रागावले, त्याच बापाने रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा, ही केवढी शहाणपणाची योजना आहे!

त्या काळी चर्चमधली मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली आणि मराठी मिस्सा सुरू झाली. याच परिषदेने 1964 च्या आपल्या एका दस्तऐवजात कुटुंबाला घरातले छोटे चर्च मानले आणि आईबाप हेच मुलांचे पहिले धर्मोपदेशक, असे सांगितले. तेही शब्दाने आणि उदाहरणाने. वसईच्या ओटीवर जे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते, त्यालाच रोमने जणू नाव दिले.

वसईचे घर हे पिढीजात ख्रिस्ती घर. परंतु जिथे बापच नव्याने ख्रिस्ती झाला, तिथे काय होते? याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. कोकणात 1861 साली चित्पावन घरात त्यांचा जन्म झाला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू हिंदू आप्तांकडेच राहिले. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, असे ते दिवस. लक्ष्मीबाईंनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे दुःख लपविलेले नाही, आणि त्यावर अश्रूंचा पाऊसही पाडलेला नाही.

पुढे काही वर्षांनी त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. काही काळ त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. त्या काळच्या नवऱ्याने हुकूम सोडावा आणि बायकोने मान खाली घालावी, हीच रीत होती. टिळक तर स्वभावाने तापट. परंतु या एका बाबतीत त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंच्या मनातली सोवळ्याओवळ्याची भिंत त्यांच्या स्वतःच्या विचारानेच कोसळली आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरातल्या माणसावर श्रद्धा लादता येत नाही, तिला वेळ द्यावा लागतो, ही गोष्ट दत्तूने पुस्तकात वाचली नाही. ती त्याच्या डोळ्यांसमोर घडली.

या घराची दुसरी खूण म्हणजे त्याचे दार उघडे होते. अनाथ मुले तिथे वाढली. आणि आणखी एक मुलगा तिथे राहिला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून गाजलेला हाच मुलगा. टिळकांनी त्याला घरात घेतले, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागविले. तो हिंदू म्हणून आला आणि 1918 साली भादलीजवळ आगगाडीखाली त्याचा अकाली अंत झाला, तेव्हाही हिंदूच होता. ज्या घराचा यजमान ख्रिस्ती धर्माचा नामवंत प्रचारक, त्या घरात हे घडले. आमच्या मते ही टिळकांच्या प्रचारातली उणीव नव्हे. त्यांच्या श्रद्धेची ही मोठी साक्ष आहे. दत्तूने घरात पाहिले की, प्रेम हे बक्षीस म्हणून किंवा मोबदला म्हणून दिले जात नाही.

तिसरी खूण भाषेची. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभरांहून अधिक गीते आहेत. वारकऱ्याने विठोबाला माऊली म्हणावे, तसे त्यांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ मासिकाचेही काम त्यांनी केले. परिणाम असा झाला की, त्यांच्या घरातल्या मुलाला ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपणा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा लागला नाही. ज्या भाषेत आई रागावते, त्याच भाषेत देवाशी बोलता आले, की देव घरचा होतो.

आता कोणी म्हणेल की, टिळक संत होते, त्यांचे घर आदर्श होते. सामान्य बापाने काय करावे? त्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. लहरी, संतापी, हातात आलेला पैसा वाटून टाकून घरात खडखडाट करणारे टिळकही त्यात भेटतात. लक्ष्मीबाईंनी हसत हसत सारे सांगितले आहे. बाप निर्दोष असावा लागत नाही. तसा तो असूही शकत नाही, आणि तसा आव आणला तर मुले तो चार दिवसांत ओळखतात. बाप प्रामाणिक मात्र असावा लागतो. ज्या घरात बाप चुकल्यावर मुलासमोर चूक कबूल करतो, त्या घरात क्षमा हा धड्यातला शब्द राहत नाही.

याची उलट बाजूही विसरता कामा नये. मुलगा बापाच्या श्रद्धेपासून दूरही जातो. बाबा पदमनजी यांचेच पाहा. 1831 साली बेळगावात एका धर्मनिष्ठ हिंदू घरात ते जन्मले आणि 1854 साली ख्रिस्ती झाले. 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनी मराठी कादंबरीचा पाया घातला आणि 1888 च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात स्वतःच्या मनाचा प्रवास सांगितला. ज्या बापाचा मुलगा धर्म सोडून जातो, त्याच्या काळजाला काय होते, हे मराठी ख्रिस्ती समाजाने म्हणूनच विसरू नये. त्याच्या पहिल्या पिढीतल्या कित्येकांनी आपल्या बापांना हेच दुःख दिले होते. ज्याने स्वतः विचार करून वाट निवडली, त्याने मुलाचा विचार करण्याचा हक्क नाकारणे शोभत नाही. येशूच्या उधळ्या मुलाच्या दृष्टान्तातही बाप मुलाला कोंडून ठेवीत नाही. तो त्याला जाऊ देतो, आणि परतणारी आकृती दूर असतानाच ओळखतो. म्हणजे त्याचे डोळे वाटेवरच असले पाहिजेत.

एवढे सारे ध्यानात घेऊन आपण पुन्हा आपल्या दोन तालुक्यांत येऊ. असे एक घर डोळ्यांसमोर आणा. आसनगावाजवळ किंवा मुरबाडच्या बाजारपेठेमागे एकच ख्रिस्ती कुटुंब. बाप मुंबईत नोकरीला. आसनगावाहून लोकलने एका बाजूचे दोन तास. मुरबाडकराला तर आधी रस्त्याने कल्याण गाठावयाचे. मूल उठण्याआधी हा निघतो, मूल निजल्यावर परततो. शब्बाथ शाळा जवळ नाही. शाळेत मुलगा मित्रांबरोबर गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवितो आणि घरी येऊन विचारतो, “पप्पा, आपल्या घरी गणपती का नाही?”

हा प्रश्न ऐकून काही बाप घाबरतात आणि रागावतात. काही हसून टाळतात. दोघेही एक सोन्यासारखी संधी घालवितात. अनुवादातला तो अध्याय आठवावा. मुलाने विचारले की शिकविण्याची वेळ आली. आपले घर कोणती प्रार्थना करते आणि का, हे त्याला साध्या शब्दांत सांगावे. आणि त्याच वेळी मित्राच्या घरच्या देवाबद्दल तोंडून वावगा शब्द जाऊ देऊ नये. मुलगा उद्या त्या मित्राशेजारीच बाकावर बसणार आहे. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याला हसायला शिकलेले मूल आपल्याही क्रूसाला फार दिवस मान देत नाही.

शाळा हे काम आपल्यासाठी करील, अशी अपेक्षाही ठेवू नये. भारतीय संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून अशा शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. कायद्याने हा विश्वास पालकावर टाकला आहे. अर्थात जबाबदारीही त्याच्याच पदरात आली.

मग दमलेल्या बापाने करावे तरी काय? आम्हाला वाटते, थोडेच करावे, पण मोडू देऊ नये. रोज अर्धा तास जमत नसेल, तर जेवणाआधी दोन वाक्यांची आभाराची प्रार्थना जमते. पहाटे निघताना झोपलेल्या मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करता येते. एखाद्या दिवशी ते जागेच असते, आणि डोळे मिटून पडलेले असते. रविवारी एक दृष्टान्त वाचून त्यावर मुलालाच बोलू द्यावे. घराण्यात श्रद्धा कोठून आली, आजोबांनी काय सोसले, ही हकिगत सांगावी. आजारी शेजाऱ्याला पाहायला जाताना मुलाला बरोबर न्यावे. उसना पैसा वेळेवर परत करावा, तोही मुलाच्या देखत. रात्री एकत्र जेवताना मोबाइल बाजूला ठेवावयाचा असेल, तर पहिला बापाने ठेवावा. यातल्या प्रत्येक गोष्टीला काही मिनिटे लागतात. पण मुलाच्या स्मरणात ती मिनिटे साठून राहतात.

शेवटी टिळकांच्या घराकडे एकवार वळू. येशूचे चरित्र ओवीबद्ध मराठीत गावे, या इच्छेने टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. आरंभीचे काही अध्याय झाले आणि 1919 साली ते वारले. ज्या बाईला एकेकाळी नवऱ्याचा हा धर्म आपल्या संसाराचा वैरी वाटला होता, तिनेच ती लेखणी उचलली. लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय लिहिले. 1936 साली त्याही गेल्या, आणि अखेरचा अध्याय लिहिला मुलाने, देवदत्ताने. तोच तो बापाच्या धर्मांतराच्या वेळी आईच्या पदराआड उभा असलेला दत्तू.

या एका ग्रंथात आमचे सारे म्हणणे आले आहे. बापाने आरंभ करावा, पण ग्रंथ पुरा करण्याचा अट्टहास धरू नये. मधले पुष्कळसे काम घरातली आई करीत असते, तिला मान द्यावा. आणि शेवटचा अध्याय मुलाचा आहे, हे ओळखून लेखणी त्याच्या हाती द्यावी. तो तीच ओवी पुढे चालवील की नाही, हे बापाच्या हातात नाही. आपला अध्याय खऱ्या अक्षरांत लिहिणे, एवढेच त्याच्या हातात आहे. मग त्या घरात माळेची प्रार्थना असो वा हरिपाठ.